जर्मनीतली शेअरविक्री आणि कर : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची तक्रार थोडक्यात अशी : पगारदाराने चार शेअर विकले तरी त्याला कर लागतो, आणि जर्मन कंपनीने अख्खी उपकंपनी विकली तरी ती जवळजवळ सुटते. अशा कायद्याची बाजू घेऊन मी धनदांडग्यांची तळी उचलली.

आधी हिशेब करू. १० कोटी युरोला घेतलेले उपकंपनीचे शेअर ३० कोटींना विकले. नफा २० कोटी. त्यातले ९५ टक्के करमुक्त. उरलेल्या १ कोटीवर सुमारे ३० टक्के, म्हणजे ३० लाखांच्या आसपास कर. नफ्याच्या जेमतेम दीड टक्का! तुम्ही भडकलात त्यात नवल नाही. पण सौदा तोट्यात गेला, तर तो तोटा कंपनीला करासाठी वजा करता येत नाही. ही बाजू तुम्ही सोडूनच दिलीत.

उपकंपनी आपल्या नफ्यावर स्वतः कर भरते. शेअरचा भाव वाढतो तो बराचसा त्या साठलेल्या नफ्यामुळे, नाहीतर पुढच्या नफ्याच्या आशेने, आणि त्यावरही कर लागणारच असतो. मूळ कंपनीकडून पुन्हा पूर्ण कर घेतला, तर साखळीतल्या प्रत्येक कंपनीपाशी त्याच पैशाला कात्री. लाभांश माणसाच्या हाती पडला की २५ टक्के आणि वर अधिभार आहेच.

शिवाय ही सूट आणली ती तेव्हाचे चान्सलर श्रोडर यांच्या, म्हणजे डावीकडे झुकलेल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या सरकारने! कायदा २००० चा, अंमल २००२ पासून. आलियान्झ ही विमा कंपनी, डॉइश बँक यांच्यासारख्यांकडे इतर कंपन्यांचे मोठमोठे हिस्से वर्षानुवर्षं अडकून पडले होते. विकायला जावं तर मोठा कर, म्हणून कोणी विकेना. ती गाठ सोडवायची होती. उरलेल्या ५ टक्के नफ्यावरचा कर देशांतर्गत विक्रीला लागू झाला तो २००४ पासून.

माझा आक्षेप वेगळा आहे. एखादा संस्थापक आपले शेअर स्वतःच्याच होल्डिंग कंपनीत (फक्त शेअर बाळगण्यासाठी काढलेल्या कंपनीत) ठेवतो, विक्रीचा पैसा तिथेच फिरवतो आणि वैयक्तिक कर हवा तितका लांबवतो. विक्रीच्या सवलतीला किमान हिश्श्याची अट नाही, मुदतीचीही नाही. ब्रिटनमध्ये निदान १० टक्के हिस्सा सलग बारा महिने हाती असावा लागतो.

‘हे आता भारतात आणायचं का?’ असं तुम्ही खोचकपणे विचारलंत. आपल्याकडे उपकंपनी विकली की भांडवली नफ्यावर कर लागतोच. ब्रिटनसारख्या अटी घालून सूट आणली तर माझी हरकत नाही. जर्मनीइतकी मोकळीक मात्र नको.