कपॅसिटर ‘कोणताही’ चालत नाही

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) कारच्या ईएससीला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला, १००० मायक्रोफॅरडचा कोणताही कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) चालेल, असं एका लेखात म्हटलंय. ते चुकीचं आहे. मायक्रोफॅरडच्या आकड्यापेक्षा ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध, कमी असणं महत्त्वाचं. साधा कपॅसिटर रिपल करंटने (सतत वर-खाली होणाऱ्या प्रवाहाने) आतून तापतो, फुगतो आणि मग ईएससीतले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे स्विच) जातात. ३एस लायपो (तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट देते, त्यात ब्रेक मारताना व्होल्टेज उसळतं. म्हणून १६ नको, २५ किंवा ३५ व्होल्टचा, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा लो-ईएसआर घ्या. एका मोठ्यापेक्षा ४७० मायक्रोफॅरडचे दोन समांतर जोडलेले बरे. बॅटरीच्या वायरींवर, ईएससीला अगदी चिकटून सोल्डर करा; कपॅसिटरचे पाय लांब ठेवले तर फायदा जातो. पट्ट्याची बाजू निगेटिव्हला, उलटा लावला तर फुटतो. गोव्यातल्या मिरामारच्या वाळूत गाडी पळवत असाल तर खाऱ्या हवेपासून सांध्यांना कन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा पातळ थर) द्या, पण कपॅसिटरच्या डोक्यावरची, आतला दाब बाहेर सोडणारी खाच मोकळीच ठेवा.