स्टोइक म्हणजे मुकाट सोसणारे नव्हेत

यवतमाळकडच्या गावांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘स्टोइक तत्त्वज्ञ सांगतात, पऱ्हाटी बुडाली तरी तक्रार करू नका, मुकाट सोसा.’ हे साफ चूक आहे. स्टोइक ही प्राचीन ग्रीस-रोममधली विचारधारा. तिच्यातल्या, गुलामीत वाढलेल्या एपिक्टेटस या तत्त्वज्ञाने आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं वेगळं ओळखायला शिकवलं. पाऊस, बोंडअळी, कापसाचा भाव हाताबाहेर. पण तलाठ्याकडे पंचनामा मागायचा की नाही, हा निर्णय आपला. मदत मिळणं-न मिळणं पुढचं. न्याय तर स्टोइकांच्या चार मुख्य सद्गुणांपैकी एक! स्टोइक विचार मानणाऱ्या रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात (इ.स. 161 ते 180) साथ आली, युद्धं आली; तो स्वतः सीमेवर गेला. आधीच खचलेल्या शेतकऱ्याला असा मेसेज पाठवणं मला घातक वाटतं. कृपया फॉरवर्ड करू नका.