पंपावर साखर 80–110 मध्ये ठेवायचा हट्ट नको

‘हार्ट-लंग मशीनवर असताना साखर 80 ते 110 मध्येच हवी. 200 दिसली म्हणजे पेशंटला मधुमेह आहे. इन्सुलिन वाढवत राहा, ग्लुकोमीटर आहेच.’ हा सल्ला सध्या फार फिरतो आहे. (हार्ट-लंग मशीन म्हणजे हृदयाच्या ऑपरेशनमध्ये रक्त फिरवणारा पंप; साखरेचे सगळे आकडे mg/dL मध्ये.) तो पाळला तर पेशंटच्या जिवावर बेतू शकतं.

80–110 हा आकडा 2001 च्या बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या अभ्यासातला, आणि तो ऑपरेशननंतरच्या आयसीयूतला. 2007 मध्ये मेयो क्लिनिकने ऑपरेशन चालू असतानाच 80–100 चं लक्ष्य ठेवून पाहिलं. 400 पेशंटमध्ये गुंतागुंत कमी झाली नाही. उलट पक्षाघात कडक नियंत्रणाच्या गटात 8 जणांना, दुसऱ्या गटात 1. 2009 च्या, आयसीयूतल्या पेशंटवरच्या नाइस-शुगर चाचणीत कडक नियंत्रणाच्या गटात मृत्यूही जास्त झाले. म्हणून लक्ष्य 180 च्या खाली एवढंच. साखर 180 च्या वर टिकून राहिली तर मात्र इन्सुलिन सुरू करायलाच हवं, कारण छातीच्या हाडाच्या जखमेत जंतुसंसर्गाची भीती असते.

मधुमेह नसलेल्याचीही साखर चढते. ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, शरीर थंड केल्याने स्वादुपिंड मंदावतं, काही कार्डिओप्लेजियात (हृदय थांबवण्याच्या द्रावणात) आणि पिशवीतल्या रक्तात ग्लुकोज असतंच.

सर्वांत घातक भाग ग्लुकोमीटरचा. पंपातल्या द्रवाने रक्त पातळ होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) 25 टक्क्यांच्या आसपास येतो आणि बऱ्याच पट्ट्या साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. पट्टीवर 190 पाहून इन्सुलिन वाढवलं जातं, खरी साखर आधीच त्याखाली असते. भुलेत घाम नाही, थरथर नाही, कळणार कसं? नमुना धमनीच्या लाइनमधून घ्या, ब्लड गॅस मशीनवर लावा. दर 30 ते 60 मिनिटांनी. कार्डिओप्लेजिया देताना, थंड करताना आणि ऊब देताना दर 15 मिनिटांनी.

इन्सुलिन शिरेतूनच द्यायचं. थंड त्वचेखालून ते कधी शोषलं जाईल याचा भरवसा नाही. 100 मिली सलाइनमध्ये 100 युनिट रेग्युलर इन्सुलिन. नळीचं प्लास्टिक इन्सुलिन धरून ठेवतं, म्हणून आधी 20 मिली वाहू द्या. नाहीतर सुरुवातीला डोस पोचत नाही, वेग वाढवला जातो आणि मग एकदम जास्त डोस जातो.

‘वाढवत राहा’ची किंमत ऊब देताना कळते. थंडीत दाद न देणारं शरीर आता इन्सुलिनला प्रतिसाद देऊ लागतं, साखर झपाट्याने उतरते, सोबत पोटॅशियमही. उतरणीचा कल दिसताच वेग कमी करा. 70 च्या खाली गेली तर इन्सुलिन बंद, 25 टक्के डेक्स्ट्रोज 50 मिली, आणि 15 मिनिटांत पुन्हा नमुना.