डिकीत पाच हजार वॅट

गाडीच्या डिकीत बसवायचा वूफर, म्हणजे ढमढम बेस वाजवणारा मोठा स्पीकर, घ्यायचाय ना? खोक्यावर ठळक अक्षरांत 5000 वॅट छापलंय, मग आणखी काय बघायचं राहिलं? कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘आरएमएस 250’ असेल, तिकडे दुर्लक्ष करा. आरएमएस म्हणजे वूफर सलग किती सोसेल तो आकडा. आपल्याला सलग थोडंच ऐकायचंय? सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने वळून बघितलं की पैसे वसूल.

अ‍ॅम्पला, म्हणजे वूफरला ताकद देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला, फ्यूज कितीचा आहे, ते चुकूनही पाहू नका. उगाच मनात हिशेब सुरू होतो. 30 अँपिअरचा फ्यूज, गाडी चालू असताना साधारण 14 व्होल्ट, गुणाकार 420 वॅट. त्यातलेही बरेचसे अ‍ॅम्प तापवण्यात जाणार. बाकीचे साडेचार हजार कुठून येतात, हे दुकानदाराला विचारू नये. त्याने चहा मागवलेला असतो, बरं दिसत नाही.

मजबुती पुढूनच पारखा. चकचकीत जाळी, निळा दिवा, झालं. मागे मॅग्नेटवर जाडजूड रबरी टोपण असतं, ते काढायचा आग्रह धरू नका. मी एकदा काढलं होतं. श्रीखंडाच्या डब्याएवढ्या टोपणाखाली पेढ्याएवढा मॅग्नेट निघाला, आणि दुकानातला पोऱ्या माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी भर लग्नात कुणाच्या तरी सासऱ्याचा विग ओढलाय.

वूफरच्या लाकडी बॉक्सवर टकटक करूनही पाहू नये. 18 मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे दाबून घट्ट केलेला लाकडी बोर्ड, कोरडा ‘ठक्’ देतो, पातळ भुशाचा बोर्ड ढोलकीसारखा बोलतो. पण ढोलकीत वाईट काय आहे? गाण्यात नसलेला ठेका फुकट मिळतो. वायरही खरवडू नका, तांब्याच्या मुलाम्याखाली अ‍ॅल्युमिनियम निघायचं. (अंगठीचं सोनं तीनदा घासून बघणारे आपणच, पण ती अंगठी झाली.)

स्वस्त घ्यायची लाज वाटत असेल तर महागातला घ्या, तोही न उलटता. किंमत तिप्पट म्हणजे माल तिप्पट, मग आतली तारेची कॉइल त्याच मापाची असो आणि सांगाडा त्याच दाबलेल्या पत्र्याचा.

बसवून झाला की आवाज पूर्ण वाढवा. नंबर प्लेट थरथरेल, डिकीचं झाकण गुणगुणेल, आरशात मागची गाडी दोन-दोन दिसेल. यालाच बेस म्हणतात. थोड्या वेळाने जळका वास आला तर काचा खाली करा, म्हणजे गाणं रस्त्यावरच्यांनाही नीट ऐकू जाईल.