व्याख्यान सर्वांसाठी खुलं असेल, तर प्रश्नही सर्वांचे घ्या

लॉ कॉलेजमध्ये व्याख्यान आहे आणि सूचनेखाली ‘सर्वांना प्रवेश’ लिहिलंय असं दिसलं की मी शक्यतो जाते. मी वकील नाही, कायद्याचं शिक्षणही घेतलेलं नाही. तरीही या सभागृहांमध्ये बसून मला जे कळलं, ते वर्तमानपत्रं वाचून कधी कळलं नसतं. म्हणूनच तिथली एक गोष्ट मला फार खटकते. नागरिकाला बोलावतात, खुर्ची देतात, पण त्याने तोंड उघडायची वेळ आली की कार्यक्रमाची वेळ संपलेली असते.

आधी स्वागत, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांनी भूषवलेल्या पदांची यादी. वक्ता मुद्द्याला हात घालेपर्यंत बराच वेळ निघून जातो. शेवटी निवेदक सांगतो, ‘वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ’. त्यातला एक पहिल्या रांगेतल्या एखाद्या प्राध्यापकांचा असतो, तोही भल्यामोठ्या प्रस्तावनेसकट. मागे बसलेल्यांचे वर झालेले हात तसेच खाली येतात.

हे मी नुसत्या गैरसोयीची तक्रार म्हणून लिहीत नाहीये. ‘कायदा माहीत नव्हता’ ही सबब न्यायालयात चालत नाही, हे तत्त्व जगभर मानलं जातं. म्हणजे कायदा माहीत करून घ्यायची जबाबदारी आपल्यावर, सामान्य माणसावर टाकलेली आहे. मग तो समजावून सांगू शकणारी माणसं जिथे एका छपराखाली बसतात, त्या संस्थेचंही आपल्याला काही देणं लागतं की नाही? माझ्या मते लागतं. आणि ते नुसतं भाषण ऐकवून फिटत नाही.

खरं तर कायद्याचं जाहीर व्याख्यान ही कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकात ऑक्सफर्ड विद्यापीठात रोमन कायदा आणि चर्चचा कायदा शिकवत. ज्या कायद्याखाली लोक जगत होते, तो शिकवत नसत. विल्यम ब्लॅकस्टोन या इंग्लिश कायदेपंडिताने 1753 मध्ये स्वतःच्या हिमतीवर त्यावर व्याख्यानं सुरू केली. 1758 मध्ये त्यासाठी खास अध्यासन निघालं आणि तो त्याचा पहिला प्राध्यापक झाला. त्याचं म्हणणं असं की जो उद्या ज्यूरीत बसणार, मृत्युपत्र करणार, संसदेत जाणार, त्याला देशाचा कायदा ठाऊक हवा. तो वकील होणार नसला तरी. अर्थात तिथे बायकांना जागा नव्हती आणि बोलणं होतं ते मालमत्तावाल्या घरांतल्या मुलांशी. श्रोत्यांत एक मुलगा होता, जेरेमी बेंथम. त्याला ही व्याख्यानं मुळीच पटली नाहीत. 1776 मध्ये त्याने ब्लॅकस्टोनच्या मांडणीचे वाभाडे काढणारं पुस्तक छापलं आणि पुढे आयुष्यभर कायदेसुधारणेचा पाठपुरावा केला. श्रोता असहमत होऊन बाहेर पडला, तरी व्याख्यान वाया जात नाही ते असं.

मला त्याहून जवळची वाटते ती एमा हॅम्लिन. ही इंग्लंडच्या टॉर्की गावची, एका वकिलाची मुलगी. 1941 मध्ये ती वारली तेव्हा मृत्युपत्रात पैसे ठेवून गेली. कशासाठी, तर आपल्या देशातल्या सामान्य लोकांना कायद्याने आपल्याला काय दिलंय ते व्याख्यानांतून कळावं आणि त्यासोबत येणारी जबाबदारीही कळावी म्हणून. मृत्युपत्राची भाषा इतकी मोघम होती की प्रकरण न्यायालयात गेलं. 1948 मध्ये योजना मंजूर झाली आणि 1949 मध्ये इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी पहिली हॅम्लिन व्याख्यानं दिली. व्याख्यानमाला आजही चालू आहे. पैसे ठेवताना त्या बाईच्या मनात विद्वान नव्हते, सामान्य लोक होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

‘सामान्य माणसाला हे झेपत नाही’ असं कुणी म्हटलं की मला हार्ट आणि फुलर यांचा वाद आठवतो. 1957 मध्ये ऑक्सफर्डचे प्राध्यापक एच. एल. ए. हार्ट यांनी हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये कायदा आणि नीती यांच्या नात्यावर व्याख्यान दिलं. तिथले लॉन फुलर यांना ते मान्य नव्हतं. 1958 मध्ये व्याख्यान आणि फुलर यांचं उत्तर, दोन्ही ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापून आलं. कायद्याच्या तत्त्वज्ञानात तो वाद आजही शिकवतात. पण त्यातलं उदाहरण बघा. बागेत वाहन आणायला मनाई आहे, असा नियम समजा. मोटार चालणार नाही, यावर दुमत नाही. पण सायकलचं काय? रोलर स्केट्सचं? पोराच्या खेळण्यातल्या मोटारीचं? शब्दाचा गाभा स्पष्ट असतो, कडा धूसर असतात, असं हार्ट म्हणतात. त्यावर फुलर विचारतात: दुसऱ्या महायुद्धात वापरलेला, चालू स्थितीतला ट्रक गावकऱ्यांना स्मारक म्हणून बागेत चौथऱ्यावर उभा करायचा असेल तर? ट्रक तर वाहनच आहे. नियम कशासाठी केलाय हे न बघता तुम्ही शब्दाचा अर्थ लावणार कसा?

हे कुठल्याही बागेच्या बाकावर बसलेल्या माणसाला सांगा. तो तासभर भांडेल, आणि मुद्द्याला धरून भांडेल. विषय अवघड नसतो. आपण तो अवघड भाषेत मांडतो आणि मग लोक येत नाहीत म्हणतो.

आता जे मला मनापासून लागलं ते सांगते. एका व्याख्यानाचा विषय होता भाडेकरूंचे हक्क. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घर खाली करण्याची नोटीस. कागद इतक्या वेळा उघडला-मिटला होता की घडीवर विरला होता. तारखेखाली पेनने रेघ मारलेली. प्रश्नांची वेळ आली तशा त्या उठल्या आणि कागद वाचू लागल्या. ‘मॅडम, वैयक्तिक प्रकरणं इथे नकोत, सर्वसाधारण प्रश्न असेल तर विचारा,’ असं व्यासपीठावरून सांगण्यात आलं. त्या बसल्या. नंतर मी त्यांना विचारलं, काय विचारायचं होतं? त्या म्हणाल्या, ‘दिवस कधीपासून मोजायचे? नोटिशीवरच्या तारखेपासून की माझ्या हातात पडली तेव्हापासून?’

यापेक्षा सर्वसाधारण प्रश्न कोणता असतो? मुदत कुठून सुरू होते, हा प्रश्न त्या सभागृहातल्या प्रत्येकाच्या आयुष्यात कधी ना कधी येणार. लोक आपला प्रश्न स्वतःच्या गोष्टीतूनच सांगतात. त्यातला सगळ्यांचा प्रश्न बाहेर काढून त्याला उत्तर देणं हे शिक्षकाचं काम आहे आणि कायद्याच्या शिक्षकाचं तर ते रोजचंच काम. कुठल्याही निकालपत्रात आधी माणसांची हकिकत असते आणि तीतूनच पुढे तत्त्व निघतं.

आयोजकांची अडचण मला समजते. व्यासपीठावरून एखाद्याच्या प्रकरणात सल्ला देणं धोक्याचं असतं. कागद पूर्ण पाहिलेले नसतात, समोरची बाजू ऐकलेली नसते, चारचौघांत माणूस नको ते बोलून बसतो. माहिती देणं वेगळं आणि सल्ला देणं वेगळं, हे पाळलंच पाहिजे. पण त्यावर उपाय माणसाला गप्प बसवणं हा नाही. व्याख्यान संपल्यावर बाजूच्या खोलीत चार टेबलं मांडा. प्रत्येक टेबलावर शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक अनुभवी वकील. कागद बघा, पुढची पायरी सांगा, मोफत कायदेशीर मदत कुठे मिळते ते लिहून द्या. भारतात तर बार कौन्सिलच्या (वकिली आणि कायद्याच्या शिक्षणावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) 2008 च्या नियमांनुसार प्रत्येक लॉ कॉलेजात विधी साहाय्य केंद्र असायलाच हवं आणि ते शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली चालवायचं आहे. व्याख्यान एकीकडे, केंद्र दुसरीकडे, असं का ठेवायचं? लोक ज्या दिवशी आपल्या पायांनी आवारात येतात, त्याच दिवशी केंद्राचं दार उघडं ठेवा.

विद्यार्थ्यांना बाहेर पाठवणंही तितकंच मोलाचं. वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 1972 मध्ये तिथल्या सरकारी शाळांत जाऊन मुलांना रोजच्या जगण्यातला कायदा शिकवायला सुरुवात केली. ‘स्ट्रीट लॉ’ नावाचा तो उपक्रम पुढे अनेक देशांत गेला. अमेरिकेतली काही अपील न्यायालयं अधूनमधून लॉ स्कूलमध्ये येऊन खऱ्या खटल्याची सुनावणी घेतात. न्यायमूर्ती वकिलाला मध्येच थांबवून काय विचारतात, हे एकदा समोर बसून पाहिलं की न्यायालयाची निम्मी भीती जाते. मूट कोर्टच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यांच्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीलाही आजूबाजूच्या लोकांना बोलवावं, असं मला वाटतं.

बाकीच्या मागण्या साध्या आहेत. व्याख्यान कामाची वेळ संपल्यावर ठेवा. विषयाचं नाव असं द्या की रस्त्याने जाणाऱ्यालाही ते आपल्याबद्दल आहे हे कळेल. लोक जी भाषा बोलतात त्या भाषेत बोला. वक्त्याला ती येत नसेल तर दुभाषा ठेवा. ज्यांना बोलताना संकोच वाटतो त्यांच्यासाठी प्रश्न लिहायच्या चिठ्ठ्या आधीच वाटा. आणि एकूण वेळेतला निदान निम्मा प्रश्नांसाठी राखून ठेवा, तोही पत्रिकेवर छापून, म्हणजे लांबलेलं मनोगत तो खाऊ शकणार नाही.

माझ्या मित्रयादीत लॉ कॉलेजांत शिकवणारे आणि शिकणारे बरेच जण आहेत. तुमच्याकडे पुढचं व्याख्यान कधी आहे, बाहेरच्यांना येता येतं का आणि प्रश्नांना किती वेळ ठेवलाय, एवढं खाली लिहा. येणाऱ्यांनी आपापले कागद सोबत आणावेत का, तेही सांगा.