आठ बाजार पाऊस नाही

गेल्या वर्षी मी ५२ पुस्तकं वाचली. आठवड्याला एक, ठरवल्याप्रमाणे. वर्ष संपल्यावर एका रविवारी वही घेऊन बसले आणि त्यातली किती नीट आठवतात ते लिहून काढलं. नीट म्हणजे आत काय होतं ते दुसऱ्याला पाच मिनिटं सांगता यावं, एवढंच. अकरा निघाली. उरलेल्या एक्केचाळीसपैकी काहींची मुखपृष्ठं आठवली, काहींची तीही नाहीत.

तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं, कारण नवीन वर्ष लागलं की आपल्यापैकी कितीतरी जण वाचनाचा संकल्प करतात आणि तो संकल्प बहुतेक वेळा एका आकड्याचा असतो. पंचवीस, पन्नास, शंभर.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. आकड्यांशी माझी दोस्ती आहे आणि आकड्याला मी सरसकट नावं ठेवणार नाही. लग्न, मुलं, नोकरी यांत आठ-नऊ वर्षं माझं वाचन पार सुटलं होतं. ते परत सुरू झालं ते आकड्यामुळेच. मोबाईलवर गुडरीड्स हे वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणारं ॲप घेतलं, त्यात वर्षाचं लक्ष्य टाकलं, आणि रात्री झोपताना रील्सऐवजी पुस्तक हातात यायला लागलं. त्याबद्दल मी त्या आकड्याची ऋणी आहे.

पण पुढे पुढे काय होतं, तर पुस्तक आपण निवडत नाही, आकडा निवडतो. तुम्ही तीन पुस्तकं मागे आहात, असं ते ॲप सांगतं. मग वाचनालयात सातशे पानांची कादंबरी हातात घेऊन मी परत फळीवर ठेवते आणि शेजारचं शंभर पानांचं उचलते. ओळखीचा लेखक बरा, कारण त्याची भाषा अंगवळणी पडलेली असते, पानं भराभर उलटतात. अनोळखी देश, अनोळखी नावं, कोण कुणाचा मामा हे कळायलाच पन्नास पानं जाणार असं पुस्तक तर डिसेंबरात कुणीच उचलत नाही. वहीत मग देशांचा हिशेब मांडला. ५२ पैकी २९ मूळ मराठी, १९ अमेरिका-इंग्लंडची, त्यातली बरीचशी यशस्वी कसं व्हावं छापाची किंवा खुनाच्या तपासाची. दोन हिंदी, एक बंगाली. आणि एक जपानी, ‘तोत्तोचान’, तेही दुसऱ्यांदा वाचलेलं. आफ्रिका नाही. दक्षिण अमेरिका नाही. अरबस्तान, इराण, तुर्कस्तान, चीन काही नाही. आणि सोलापुरात राहून एकही कन्नड नाही.

लंडनच्या अ‍ॅन मॉर्गन या बाईंनी असाच स्वतःच्या कपाटाचा हिशेब केला होता. त्यांच्याकडेही जवळजवळ सगळं इंग्लंड-अमेरिकेचंच निघालं. मग त्यांनी २०१२ या एका वर्षात जगातल्या प्रत्येक देशाचं एक पुस्तक वाचायचं ठरवलं. जवळजवळ दोनशे देश. कुठलं पुस्तक घ्यावं हे त्यांनी जगभरच्या अनोळखी माणसांना विचारलं आणि लोकांनी सांगितलंही, काहींनी तर पुस्तकं पोस्टानं पाठवली. साओ तोमे आणि प्रिन्सिपे हा आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचा बेटांचा चिमुकला देश. तिथलं इंग्रजीत काहीच मिळेना, तेव्हा पोर्तुगीज जाणणाऱ्या काही जणांनी वाटून घेऊन एक अख्खं पुस्तक त्यांच्यासाठी भाषांतरित करून दिलं. हे मी वाचलं तेव्हा मला दोनशे या आकड्यापेक्षा त्या भाषांतर करणाऱ्यांचं जास्त वाटलं. एका वाचकासाठी इतकं करणारी माणसं असतात.

मला दोनशे जमणार नाहीत. मी बारा ठरवली. पाडवा ते पाडवा, कारण मार्चअखेर संपल्याशिवाय माझं डोकं रिकामं होत नाही. बारा पुस्तकं, बारा ठिकाणची, आणि मूळ इंग्लंड-अमेरिकेचं त्यात एकही धरायचं नाही. बाकी काय वाचायचं ते वाचावं, ते मोजायचं नाही.

पहिलं घेतलं चिनुआ अचेबे यांचं ‘थिंग्ज फॉल अपार्ट’. १९५८ साली आलेली नायजेरियातली कादंबरी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या, तिथल्या इग्बो लोकांच्या एका गावाची. मराठीत माझ्या हाती लागली नाही म्हणून इंग्रजीतून वाचली. पुस्तक दोनशे पानांच्या आसपासचं, पण मला तीन आठवडे लागले. पूर्वीच्या हिशेबानं मी दोन पुस्तकं मागे पडले असते.

आता मला जे सांगायचंय ते इथे आहे.

कादंबरीचा नायक ओकोन्क्वो. त्याचा बाप कर्जबाजारी. कुणाचं किती देणं आहे ते त्या बापानं घराच्या भिंतीवर खडूनं रेघा ओढून ठेवलेलं, एक रेघ म्हणजे शंभर कवड्या. कवड्या हेच तिथलं चलन. (या कवड्या मालदीवच्या समुद्रातल्या. हिंदी महासागरातून जहाजांनी पश्चिम आफ्रिकेपर्यंत गेलेल्या. तुळजापुरात आईच्या दारात कवड्यांच्या माळा बघत मी मोठी झाले आणि हे मला आत्ता कळतंय.) बापाकडून काहीच मिळालेलं नाही, म्हणून ओकोन्क्वो गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे जातो आणि लागवडीसाठी याम मागतो. याम म्हणजे जमिनीत वाढणारा मोठा कंद, त्यांचं मुख्य पीक, आपल्या कोनफळाच्या जातीचा.

माझे वडील, अण्णा, त्या आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून माझ्याकडे आले होते. डोळ्याला हिरवी पट्टी, टीव्ही बंद, पेपर बंद. दुपारी त्यांना काहीतरी वाचून दाखवायचं म्हणून मी हेच काढलं आणि इंग्रजी बघत बघत मराठीत सांगायला लागले. म्हटलं, त्यानं कंदाचं बियाणं मागितलं.

“कंदाचं बियाणं नसतंय बाळा,” अण्णा म्हणाले. “बेणं असतंय. हळदीचं बेणं, उसाचं बेणं.”

बरोबर. बेणं. तो एक शब्द बसला आणि पुढचं सगळं आपोआप मराठीत यायला लागलं. मोठा शेतकरी त्याला आठशे बेणं देतो, वडिलांच्या एका मित्राकडून आणखी चारशे मिळणार असतात. असं दुसऱ्याच्या बेण्यावर केलं की पिकाचा तिसरा हिस्सा करणाऱ्याचा. “तिसराच?” अण्णा म्हणाले. “आमच्यात बटईला निम्मं असायचं.” त्यांनी स्वतः चुलत्याची जमीन कितीतरी वर्षं बटईनं केली आहे.

मग तो पाऊस. पहिला पाऊस पडला, ओकोन्क्वोनं स्वतःकडचं चारशे बेणं लावलं आणि पाऊस गेला. किती दिवस गेला हे पुस्तकात महिन्यांत सांगितलेलं नाही, बाजारांत सांगितलंय. इग्बो लोकांचा आठवडा चार दिवसांचा आणि ते दिवस बाजारावरून ओळखले जातात. आठ बाजार पाऊस नाही. हे मी जसंच्या तसं सांगितलं आणि अण्णांनी नुसती मान हलवली. आमच्या गावातही कुणी किती दिवसांनी आलं हे बाजारावरूनच सांगतात, मला काही समजावून द्यावं लागलं नाही. तापलेल्या जमिनीपासून कोंब वाचावेत म्हणून ओकोन्क्वो त्यांच्याभोवती घायपाताच्या जाड पानांची कडी करून ठेवतो. घायपात! आमच्या बांधावर आहे ती. तरीही ती लागवड जळते. पाऊस परत आल्यावर तो उरलेलं सगळं बेणं लावतो, आणि आता पाऊस थांबतच नाही, वरंबे वाहून जातात.

त्या वर्षी एका शेतकऱ्यानं झाडाच्या फांदीला कापड बांधून गळफास घेतला. कादंबरीत त्याला नाव नाही, त्याची गोष्ट नाही. एकच वाक्य. मी तिथे थांबले. आमच्या भावकीत काय घडलंय ते आम्हाला दोघांनाही माहीत आहे. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

“वाच,” अण्णा म्हणाले. “पुढं वाच.”

चार-पाच पानांनंतर त्यांनी विचारलं, “कुठल्या जिल्ह्यातलं म्हणालीस हे?”

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेला माणूस हे विचारत होता. मी नायजेरिया म्हणाले, आफ्रिका म्हणाले. त्यांना त्याचं काही आश्चर्य वाटलं नाही. शेतकरी तिथंही असणारच, असं म्हणाले. आश्चर्य मला वाटलं होतं, ते मला टोचत राहिलं. आफ्रिका म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचे सिंह आणि हरणं यायची. शिकलेली मी आहे, महिन्याला चार पुस्तकं वाचणारी मी आहे, आणि इतकी वर्षं त्या अख्ख्या खंडात मला एकही शेतकरी दिसला नव्हता.

म्हणून मी म्हणते की संकल्प करायचाच तर किती यापेक्षा कुठलं, हे ठरवा. त्यातही एक धोका आहे आणि तो मला दोन-तीन महिन्यांतच कळला. देश मोजणं हासुद्धा शेवटी आकडाच. नायजेरिया झाला, टिक केलं, पुढे चला. एकट्या नायजेरियात शेकडो भाषा आहेत, एका इग्बो गावाची कादंबरी वाचून तो देश वाचून झाला असं कसं म्हणणार? कुणी एक मराठी कादंबरी वाचून भारत झाला म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का? मग मी बाराचे आठ केले आणि एखाद्या ठिकाणी मन रमलं तर तिथलंच दुसरं घ्यायची स्वतःला मोकळीक दिली. या वर्षी अचेबे यांचंच आणखी एक वाचलं. ते हिशेबात धरलं नाही.

आणि जग म्हणजे विमानानं जायचं तेच, असंही नाही. मे २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. कर्नाटकातल्या हासनच्या लेखिका, वकील, मुस्लिम बायकांच्या आयुष्यावरच्या बारा कथा, इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा. कथासंग्रहाला हे पारितोषिक पहिल्यांदाच मिळालं. त्या कथा १९९० पासूनच्या. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मैत्रीण घरी कन्नड बोलते, आमच्या भाजीवाल्या मावशी कन्नड बोलतात, दिवसातून चार वेळा ती भाषा माझ्या कानावर पडते. आणि या लेखिकेचं नाव मला कळायला लंडनला बक्षीस मिळावं लागलं. मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, “मला बोलता येतं गं, वाचता कुठे येतं? शाळा सगळी मराठीत.” सोलापुरात घरोघरी हे असंच आहे.

तेव्हा मला उमाताई आणि विरूपाक्ष कुलकर्णी आठवले. विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवायचे, उमाताई ऐकून मराठीत लिहायच्या, आणि त्यातून भैरप्पांचं ‘पर्व’ आपल्या घरात आलं, कारंत आले. आपल्याकडे हे मोठं काम झालेलं आहे हो. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी पुलंनी ‘एका कोळियाने’ म्हणून आणला, दुर्गाबाईंनी थोरोला वॉल्डनच्या काठावरून आणलं, जीएंनी कॉनराड रिश्टरच्या कादंबऱ्या आणल्या, मॉस्कोहून तर मराठीत छापलेली रशियन पुस्तकं येत होती. मोरोपंतांनी ‘केल्याने देशाटन’ म्हटलं, त्यावरून ‘केल्याने भाषांतर’ असं सुंदर नाव घेतलेलं नियतकालिक परदेशी भाषांमधून थेट मराठीत आणलेलं साहित्य छापत आलं आहे. इंग्रजी न येणाऱ्या माणसानं जग वाचायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर हे लोक आहेत.

पण वाचनालयात जाऊन बघा. आमच्या वाचनालयात अनुवादित पुस्तकांची दोन कपाटं आहेत. डोळ्यांच्या उंचीच्या फळीवर श्रीमंत कसं व्हावं, वेळ कसा वाचवावा, आणि थरारक कादंबऱ्या. खाली वाकलं की जुनी. मी एक रशियन कथांचं पुस्तक काढलं, कापडी बांधणीचं, कोपऱ्याला वाळवीचं एक भोक. शेवटच्या पानावरच्या तारखेच्या पट्टीवर शेवटचा शिक्का १९९८ चा. त्यानंतर ते पुस्तक कुणी घरी नेलेलं नाही. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “मॅडम, मागणी असेल ते आम्ही आणतो. अनुदानात बसवायचं असतं.” त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मागणीच्या वहीत मी आजवर काय लिहिलं होतं? नवीन खुनाची कादंबरी.

त्या वहीत मी आता दर महिन्याला एक नाव लिहिते. लॅटिन अमेरिकेतलं, अरबीतलं, कन्नडमधलं, जे मराठीत आलं आहे ते. आतापर्यंत चार आली. बाई स्वतःच फोन करतात, तुमचं आलंय म्हणून. त्यातलं एक माझ्यानंतर आणखी दोघांनी नेलं, पट्टीवर शिक्के आहेत. तुमच्या गावातल्या वाचनालयातही ती वही असेल. टेबलाच्या खालच्या कप्प्यात असते बहुतेक, मागावी लागते.

रशियन कथांचं ते पुस्तकही मी घरी आणलं. पट्टीवर १९९८ च्या खाली आता या महिन्याचा शिक्का आहे.

पुढचं ठरलंय यशार केमाल यांचं ‘इन्जे मेमेद’, तुर्कस्तानातली १९५५ ची कादंबरी. सुरुवातीलाच काट्यांनी भरलेली रानं आहेत आणि त्यात नांगर धरणारा एक मुलगा, आणि पिकाचा मोठा वाटा उचलून नेणारा आगा, म्हणजे तिथला जमीनदार. इंग्रजीतूनच वाचावं लागणार. कुणाकडे मराठीत असेल तर कृपा करून कळवा, पोस्टानं मागवून घेईन आणि नीट परत पाठवेन.

अण्णांची पट्टी निघाली, ते गावी गेले. आता त्यांना दिसतं, पण फोन केला की विचारतात, काय चाललंय वाचायचं. काल तुर्कस्तान सांगितलं. तिकडे ज्वारी होते का, म्हणाले. बघून सांगते म्हटलंय.