रथ चार बोटं खाली

धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वरून चालायचा आणि 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्यावर खाली टेकला. तुमचीही गाडी खोटं बोलल्याशिवाय खाली येणार नाही, तेव्हा सुरुवात तिथूनच करा. घरी सांगायचं, "शॉकअप गेलेत, बदलायला हवेत." वाक्य खरं आहे. वीस-बावीस वर्षांत कुठल्याही गाडीचे जातात. फक्त शॉकअपबरोबर गाडी खाली बसवणाऱ्या दीड इंच आखूड स्प्रिंगाही येणार आहेत, हा कुंजर तेवढा हळू म्हणा. श्रीकृष्णाने ऐन वेळी शंख फुंकला होता. तुम्ही मिक्सर चालू असतानाची वेळ साधा.

गाडी शक्यतो फियाट पॅलिओ, १.६ जीटीएक्स असावी. २००१ साली ती आली तेव्हा जाहिरातीत सचिन होता आणि बॉनेटखाली शंभर हॉर्सपॉवर. शेजाऱ्यांची आठशे सीसीची गाडी तेव्हा त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, अंगाने दणकट, पेट्रोल उसाच्या रसासारखं पिणारी. खड्डा आला तरी वेग कमी करायची फारशी गरज नाही, हे तिचं खरं कौतुक. ज्यांनी चालवली ते आजही तेच सांगतात. म्हणजे गाडीतली सगळ्यात चांगली गोष्ट तिचं सस्पेन्शन. अर्थातच आपण तेच बदलायचं आहे. एसी थंड करत नाही, काच अर्ध्यात अडकते, डिकी हाताने धरून ठेवावी लागते, ही कामं किरकोळ आहेत. ती कुणीही करील.

कायद्याची चिंता नको. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. ती संपल्यावर नूतनीकरणाला पूर्वी ६०० रुपये लागायचे, २०२२ मध्ये त्याचे ५,००० झाले. तेवढे भरून तुम्ही आरटीओच्या मैदानात उन्हात उभे राहिलेलेच आहात. कंपनीने दिलेल्या मूळ घडणीत बदल करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं. पण सुप्रीम कोर्ट तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येत नाही. तिथे सेक्रेटरी येतात, आणि त्यांचं कार्यक्षेत्र ऑइलच्या डागांपुरतंच मर्यादित आहे.

हत्यारं जमवायला रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जा. बुधवारीही भरतो, पण बुधवारी ऑफिस असतं आणि एवढ्यात दुसरं खोटं नको. तिथे जमिनीवर पसरलेल्या पान्यांत तुम्हाला सगळे नंबर मिळतील, फक्त १८ चा मिळणार नाही. घरच्या सेटमध्येही १७ नंतर थेट १९ असतो. गाडीला १८ च लागतो. हा निसर्गनियम आहे.

मग एका शनिवारी सकाळी सात वाजता गाडी जॅकवर चढवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्यायचे असतात, हे चाक हवेत गेल्यावर आठवेल. खाली उतरवा, सैल करा, पुन्हा चढवा. गाडीबरोबर आलेला जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर खाली शिरू नका. लोखंडी स्टँड लावा. या लेखातला हा पहिला गंभीर सल्ला. दुसरा पुढे आहे.

पुढच्या चाकामागे जो खांब दिसतो, त्याला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवले. १९५० च्या सुमारास इंग्लंडमधल्या फोर्डच्या गाड्यांत ते आले आणि स्वस्त-सुटसुटीत म्हणून जगभर पसरले. खाली दोन बोल्ट, वर बॉनेटखाली मोजके नट, झालं. कागदावर वीस मिनिटांचं काम.

त्या खालच्या दोन बोल्टांपैकी पहिला सुटेल. त्याने तुमचा आत्मविश्वास वाढेल, तेवढ्यासाठीच तो सुटतो. दुसरा तेवीस पावसाळे बघून बसलेला आहे. गंज उतरवायचा स्प्रे मारा, चहा घ्या. पुन्हा मारा, पुन्हा चहा. मग पान्याच्या दांड्यात नळाचा पाइप घालून लांबी वाढवा आणि त्यावर उभे राहा. एवढ्यात वॉचमनकाका येऊन उभे राहतात. ते काही बोलत नाहीत. पाच मिनिटं बघतात आणि मग विचारतात, "साहेब, उलटा तर नाही ना फिरवत?" तुम्ही उलटाच फिरवत असता. सरळ फिरवल्यावर 'कट्ट' असा आवाज येतो. बोल्ट सुटल्याचा आणि बोल्ट तुटल्याचा आवाज अगदी एकच असतो, त्यामुळे पुढचे दोन सेकंद फार सुखाचे जातात.

तुटलेला बोल्ट घेऊन रिक्षाने नाना पेठेत जा. दुकानदार तो हातात फिरवून बघेल आणि गाडीचं नाव ऐकून चष्मा कपाळावर सरकवेल. "पॅलिओ?" तो म्हणेल, ज्या स्वरात आपण जुन्या शाळामित्राची चौकशी करतो, "अजून आहे?"

आता दुसरा गंभीर सल्ला. स्ट्रटच्या डोक्यावरचा मधला नट स्प्रिंग आवळल्याशिवाय सोडू नका. आतली स्प्रिंग दाबलेली असते. समजा ती एक मिलिमीटर दाबायला अडीच किलोचा जोर लागतो आणि ती शंभर मिलिमीटर दाबून बसवलेली आहे. म्हणजे अडीचशे किलो तुमच्या हनुवटीकडे तोंड करून वाट बघतायत. स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने मिळाला तर ठीक, नाहीतर स्ट्रट काखेत मारून गॅरेजमध्ये न्या. यात कमीपणा नाही. घरी कुणी विचारलंच तर स्ट्रट तुम्हीच उघडला म्हणा. एव्हाना सवय झाली आहे.

आखूड स्प्रिंगांचे पैसे वाचवायचे असतील तर एक पारंपरिक उपाय आहे: ग्राइंडरने मूळ स्प्रिंगेचा एक वेढा उडवायचा. सहा वेढ्यांची पाच वेढ्यांची झाली की ती वीस टक्के कडक होते. म्हणजे गाडी खाली, वर कडकपणा फुकट. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, चाकाला वरखाली व्हायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्याला रबरी ठोकळ्यावर आपटून गाडी तुमच्या माकडहाडाशी थेट संवाद साधते. रेसिंग गाडीत असंच वाटतं, असं ज्यांनी रेसिंग गाडी पाहिलेली नाही ते सगळे सांगतात. पण तुम्ही कापू नका. मूळ स्प्रिंगा जुन्या पेपरात गुंडाळून माळ्यावर गणपतीच्या मखरामागे ठेवा. का ते पुढे कळेल.

चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, म्हणजे आर्मचे, रबरी बुशही याच वेळी बदला. त्यांचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे, कारण रबराने ज्या स्थितीत आयुष्य काढायचं त्याच स्थितीत त्याला धरलं पाहिजे. हवेत लोंबकळत असताना आवळलं तर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. अर्थात गाडी चाकांवर आली की खाली पाना घेऊन शिरायला जागा उरत नाही, त्यात ती आता दीड इंच खाली आहे. म्हणून सगळे हवेतच आवळतात आणि बुशचा माल हल्ली चांगला येत नाही म्हणतात.

रविवारी संध्याकाळी एक चक्कर मारा. जमीन-अस्मानाचा फरक जाणवेल. वळणावर गाडी झुकत नाही, ब्रेक मारल्यावर नाक खाली घालत नाही, खडखड गेली. हे सगळं दीड इंचाने झालं, असं चारचौघांत सांगा. खरं म्हणजे झालंय ते नव्या शॉकअपने आणि नव्या रबराने. तुम्ही नव्या स्प्रिंगांची तुलना मूळ गाडीशी करतच नाही आहात, तेवीस वर्षांच्या मेलेल्या शॉकअपशी करताय. कंपनीच्या स्प्रिंगा तशाच ठेवून नुसते शॉकअप आणि बुश बदलले असते तर यातलं बहुतेक सगळं मिळालं असतं, आणि गाडीच्या पोटाखालून मांजरही गेलं असतं. पण ती गोष्ट सांगायला रंगत नाही. नुसती दुरुस्ती केली असं कुणी पार्टीत सांगतं का?

स्टेअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे जाते, ते अलाइनमेंटने जाईल. सोमवारी.

पुढच्या चतुर्थीला आईला रांजणगावच्या महागणपतीला न्यायचं आहे. पॅलिओचं बिऱ्हाड पुढे कुर्ल्याहून तिकडेच हललं, तेव्हा गाडीच्याही माहेरची वाट. वाटेत स्पीडब्रेकर आहेत. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-इंजिनियरांच्या संस्थेच्या १९८८ च्या पुस्तकात स्पीडब्रेकर कसा हवा ते लिहून ठेवलंय: १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, ताशी पंचवीसने आरामात ओलांडता येईल असा. गावातले लोक मात्र एका रात्रीत हाताने बांधतात, आणि त्यांनी पुस्तक वाचलेलं नसतं. पहिल्यावर गाडीचं पोट घासल्याचा आवाज येईल तेव्हा रेडिओ मोठा करा. दुसऱ्यावर तिरकी घाला. तिसऱ्याच्या आधी आई आपणहून दार उघडून उतरेल, पदर खोचून चालत पलीकडे जाईल, आणि नारळाची पिशवी सांभाळत रस्त्याच्या कडेला उभी राहून तुमचं वाहन खरवडत येताना बघेल.

"शॉकअपच बदललेस ना रे फक्त?" बसता बसता ती विचारेल.

"हो."

"मग मखरामागे ते जड जड काय ठेवलंयस?"

मिक्सर घरी राहिलेला असतो.